पडलेला स्क्रू

रात्रीचे अडीच. वारांगेरच्या किनाऱ्याने
ओशिल्ड बर्फाचा नांगर घेऊन निघते.
नांगर म्हणायचं एवढंच, मागे पेरायचं काही नसतं,
आणि सकाळपर्यंत केलेलं सगळं
वारा पुन्हा भरून टाकतो.
डावा गुडघा दुखरा, थर्मासमध्ये कॉफी,
कानांत कुणीतरी.

हे कुणीतरी मिळणं सोपं नव्हतं.
दोन महिने सूर्य नसतो,
टेकडीआड रेडिओ खरखरतो आणि जातो.
भाच्याने फोनमध्ये चाळीसेक पॉडकास्ट भरून दिले,
म्हणाला, मावशी, निवडून निवडून घेतलेत.

पहिल्यात दोन मैत्रिणी होत्या.
एका बाईच्या खुनाची गोष्ट
खिदळत सांगत होत्या,
आणि प्रेत सापडायच्या जरा आधी
गादीची जाहिरात.
ओशिल्डने दोघींना नेसेबीच्या वळणावर उतरवलं.

दुसरा, पहाटे चारला उठल्यावर
माणूस कसा श्रीमंत होतो ते सांगणारा.
ही तर एकलाच उठते.
उंटावरून शेळ्या हाकणारा तो गृहस्थ
वाद्सेच्या पेट्रोलपंपाशी उतरला, बोलता बोलताच.

तिसरीचा आवाज साईसारखा.
श्वास घ्या, म्हणे. सोडा. पापण्या जड होऊ द्या.
अठरा टनांची गाडी, खाली समुद्र,
पापण्या जड होऊ द्या!
हिच्यासाठी गाडी थांबवलीसुद्धा नाही.

इतिहासवाला तसा बरा होता,
पण दर राजा मेला की व्हायोलिन,
जणू कुठे हळहळायचं
ते आपलं आपल्याला कळत नाही.

मग एकदा हातमोज्यातलं बोट घसरलं
आणि गाडीत एक म्हातारा येऊन बसला.
नाव हाल्वार. दक्षिणेकडच्या कुठल्याशा गावात
घड्याळं दुरुस्त करतो.
म्हणाला, तुम्ही सतरा जण ऐकता असं दिसतंय.
बसा. आज हे भिंतीवरचं उघडू.
खोकला. चिमट्याचा आवाज. बराच वेळ नुसतीच टिकटिक नसणं.
आणि मग काहीतरी बारीक टणकन पडलं.
थांबा, म्हणाला.

चार मिनिटं.
खुर्ची सरकली. गुडघे टेकले, कण्हला.
बॅटरीची कळ. फरशीवरून तळहात.
हे कुणी कापून टाकलं नव्हतं.
ओशिल्डने गिअर खाली घेतला,
दिव्यांच्या कडेला, जिथे बर्फ निळा होतो,
तिथे तीही शोधू लागली.
सापडला!
कुठे होता? ती मोठ्याने म्हणाली, रिकाम्या गाडीत.
चपलेत, म्हणाला हाल्वार.

त्या दिवसापासून तो वार्देपर्यंत सोबत असतो.

डेपोत नील्स-आस्लाक विचारतो,
काय ऐकत असतेस गं एवढं? चांगलं काही असेल तर सांग की.
पिवळी मुल्टे ज्या दलदलीत पिकतात
ती जागा ओशिल्डने सख्ख्या बहिणीलाही
तीस वर्षांत दाखवलेली नाही.
काही नाही रे, म्हणते. असंच.
आणि कॉफी भरून घेते.

फेब्रुवारीत एका रात्री हाल्वार म्हणाला,
तुम्ही आता अठरा जण आहात.
तिला ते आवडलं नाही.
अठरावा कोण? नीट ऐकतो का?
मधली शांतता पुढे तर पळवत नाही ना?
एकेरॉयपर्यंत हाच घोळ,
घड्याळाचं काय झालं ते कळलंच नाही.

किबर्गच्या अलीकडे समोरून दुसरा नांगर आला.
दोघांनी दिवे मंद केले,
रस्ता अरुंद, थांबावंच लागतं.
नील्स-आस्लाकने काच खाली घेतली,
भुवयांवर बर्फाची भुकटी.
चपलेत, म्हणाला तो. चपलेत निघाला शेवटी!
मी सीटखाली पाहत होतो.

ओशिल्डने काच वर केली.
वायपर दोनदा फिरले.
मग काच पुन्हा खाली घेतली
आणि थर्मास पुढे केला.