कुठं चिकटलास?

कालवाची अळी दोनतीन आठवडे पाण्यात भटकते,
मग इवलासा पाय काढून जागा चाचपते.
पटली, तर आपल्याच सिमेंटानं चिकटते.
एकदाच. नंतर हलणं नाही.
हे मी दोनशे अठरा पानांत लिहिलंय,
पूर्णगडच्या खाडीत सहा वर्षं
सुकतीला गुडघाभर चिखलात उभं राहून.

रुकय्याखाला होडेकर शेजारीच कालवं फोडायची.
चौकटीतली मी मोजायचो, बाहेरची ती डब्यात भरायची.
"संपलं काय रे तुझं मोजून?"

आता अख्खा गाव विचारतो,
कुठं चिकटलास काय?
शब्द शास्त्राला धरून आहे, म्हणून मी हसतो.

दोन वर्षं तासिकेवर शिकवलं.
मार्चचे पैसे ऑगस्टात आले,
गणपतीच्या सुट्टीचे आलेच नाहीत.
मग घाटावरच्या एका संस्थेत जागा निघाली.
अध्यक्षांनी चहा पुढं सरकवला,
"तयारी किती आहे?"
पूर्ण आहे, सर, मी म्हटलं. सेट झालीय, पाच पेपर आहेत.
ते फाइलीकडं न बघता माझ्या बुटांकडं बघत राहिले.
मला वाटलं, चिखल राहिला असेल.
परतताना एस्टीत, आंबा घाट उतरताना,
कळलं तयारी म्हणजे काय.
शेजारचा माणूस ओकत होता. मी त्याला पिशवी दिली.

सध्या मिरकरवाड्याला, बर्फाच्या कारखान्यात, रात्रपाळी.
लाद्या मोजतो.
मालकाला बारावी सांगितलीय.
तो म्हणतो, हिशेबाला पक्का आहेस,
शिकला असतास तर कुठं असतास!

परवा सुट्टी होती, सुकतीला खाडीत गेलो.
वाहून आलेल्या एका रबरी चपलेवर
अकरा कालवं.
सवयीनं मोजली.
पान एकशे चाळीस: योग्य पृष्ठभाग मिळाला नाही
तर अळी थांबून राहते.
किती दिवस, ते लिहायचं राहून गेलं.
मार्गदर्शकांनीही विचारलं नव्हतं.

खाला आली. अंगठा वाकडा झालाय तिचा.
काही न विचारता तिनं चपलेवरची अकराही
कोयतीनं सोडवली,
माझ्या रुमालात बांधून दिली, आईकडं दे म्हणाली,
आणि चप्पल पायाला लावून बघितली.
बसली.
मग जोडीची दुसरी कुठं दिसते काय
ते शोधत
पाण्याच्या कडेनं निघून गेली.