वासरू ठेवताना

पट्टे चार लागतात, कायसा. दोन नाहीत.
दोनांवर मी एकदा नेलं होतं,
टेकडीच्या वळणावर आरशात पाहिलं तर
वासरू ट्रेलरवर तिरकं टेकलेलं,
शेजारच्या भांडणाला कान लावलेल्या बाईसारखं.
चौकटीला बांध. वरच्या दांड्याला कधीच नको.
गियरमध्ये ठेव, हातब्रेक ओढ,
आणि दोन मैलांवर थांबून पट्टे पुन्हा आवळ.
सैल होतातच ते.
आपल्याला उगाच वाटतं, घट्ट बांधलं.

वासरू हे नाव लेम्पीचं.
चौदा घोड्यांचं इंजिन, मागे माती ओतायचा हौदा,
हिरवा रंग आता फक्त सीटखाली उरलाय.
एकवीस वर्षं या दफनभूमीची सगळी माती यानेच वाहिली.
दगडसुद्धा. निस्कानेनांचा तो मोठा ग्रॅनाइट,
ज्यावर आडनावच चुकलंय
आणि अजून कुणी ब्र काढलेला नाही.

ऑक्टोबर सरताना न्यायचं,
आर्व्होच्या बटाट्याच्या कोठारात.
तेल इंजिन गरम असतानाच काढ.
चाकांखाली फळ्या घाल.
धुराड्याच्या तोंडात तारेची घासणी कोंब
आणि स्टिअरिंगला लाल चिंधी बांध,
म्हणजे वसंतात घासणी विसरणार नाहीस.
मी विसरलोय. विचारू नकोस.
एअर फिल्टरमध्ये उंदीर घर करतो.
एका साली त्याच्या घरट्यात प्रार्थनेचा कागद निघाला,
‘आमची रोजची’ एवढंच वाचता येत होतं,
भाकर त्याने खाल्ली होती.

बॅटरी घरी आण. फ्रिजशेजारी, लाकडी पाटावर.
लेम्पी तिच्यावर भरतकामाचा रुमाल टाकायची,
पाहुण्यांना वाटे, काहीतरी पवित्र आहे.

आता पेट्रोल.
हातातलं खाली ठेव आणि ऐक.

इथे हिवाळ्यात कुणी गेलं तर पुरता येत नाही,
कुदळ ठणकन परत येते.
टेकडीखालच्या दगडी खोलीत ठेवतो,
बाहेरून अडसर लावतो,
आणि जमीन मऊ होईपर्यंत सगळेच थांबतात,
गेलेले आणि राहिलेले.

गेल्याच्या गेल्या ऑक्टोबरात लेम्पी दवाखान्यात होती.
मी वासरू तसंच आत ढकललं.
टाकी अर्धी. कार्ब्युरेटर भरलेला.
म्हटलं, ती घरी आली की बघू.

फेब्रुवारीत ती दगडी खोलीत गेली.

अकरा मे. चाळीस माणसं, सरोवरावरून ओला वारा.
चोक ओढला, किल्ली फिरवली.
पुन्हा फिरवली.
शिळ्या पेट्रोलचा वास आठव, आंबट, वॉर्निशसारखा.
आत त्याची काकवी झाली होती.
शेवटी सहा जणांनी ढकललं,
चढावर, मातीने भरलेलं,
पाद्रीसुद्धा, झगा कमरेला खोचून.
कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळे.
मी नाही.
म्हणजे, चढ संपल्यावर मीही.

म्हणून टाकी रिकामी कर,
आणि उरलंसुरलं संपेपर्यंत इंजिन चालू ठेव.
आधी खोकेल. मग एकदम चढेल,
काहीतरी महत्त्वाचं आठवल्यासारखं,
आणि बंद पडेल.
मध्येच किल्ली फिरवू नकोस,
आवाज ऐकवत नाही म्हणून.
ज्याचं त्याला संपू दे.

ताडपत्री सैल टाक, आत घाम धरतो.
किल्ली कॉफीच्या डब्यात, वरच्या फळीवर.
तिसऱ्यांदा सांगतोय, माहीत आहे मला.
एप्रिलात कदाचित तू एकटीच येशील,
तेव्हा आधी लाल चिंधी शोध, मग किल्ली.

आणि ढकलायची वेळ आलीच,
तर पाद्रीला बोलावू नकोस.
त्याची कंबर आठवडाभर धरली होती.