नमुना क्रमांक तीस

एकोणतिसावा काल रात्री सुटला.
वाकवताना आवाजाच्या आधी हाताला कळलं.
भिंगाखाली पाहिलं :
टायटॅनियममध्ये नुसती भोकं,
आणि कार्बनचे तंतू बाहेर, स्वच्छ,
चहाही न घेता उठलेल्या पाहुण्यांसारखे.
अंगाला धातूचा एक कण नाही.

अठ्ठाविसाव्याची तऱ्हाच उलटी.
साडेनऊशे अंशांवर दोन तास जास्त राहिला
आणि दोघं एकमेकांत इतके शिरले
की तंतू असा उरलाच नाही.
कडेला कार्बाइडचा थर, बांगडीच्या काचेसारखा.
एक तडा पडला तो थेट आरपार.

वहीत एका ओळीत लिहिलंय : बंध जास्त.
तिच्या खाली : बंध कमी.
सर म्हणाले, मगदूम, मधलं काहीतरी बघा.
मधलं.
जणू ते गुजरीत काचेच्या कपाटात टांगलेलं असतं.

सकाळी शिरोलीला गेले, काकांचा डबा द्यायला.
जिनगोंडाकाका गाभ्यावर काळा लेप फिरवत होते,
तोच ग्रॅफाइट, माझ्याच घरातला, पाण्यात कालवलेला.
म्हटलं, हे कशाला?
"अगं, बीड उघड्या वाळूला चावतंय.
मग ओतीव निघतंय देवी आल्यागत.
मधी हे असलं की दोघंबी आपापल्या जागी."
पण काका, मला तर चिकटायला हवंय.
ब्रश न थांबवता म्हणाले,
"मग तुझा लेप येगळा आसंल.
पर लेप लागतोयच की."

डबा तसाच हातात.
शेजारी बादलीतून ओतल्या जाणाऱ्या लोखंडाचा उजेड
पत्र्यावर चढून उतरला.

तिसाव्याला लेप दिला. अर्ध्या मायक्रॉनचा.
केसाची जाडी त्याच्यापुढे हत्तीचा पाय.
भट्टीत अठरा मिनिटं, त्यावर एकही नाही.

आज वाकवला.
तडा निघाला, तंतूपाशी आला,
अडला,
आणि आरपार जायचं सोडून
त्याच्या कडेकडेनं चालू लागला,
गल्ली चुकलेल्या माणसासारखा,
आणि थोड्या अंतरावर कुठंतरी दमला.

डावा कोपरा मात्र सुटलाय.
तिथं लेप पोचला नसावा,
किंवा पोचूनही.

वहीत तीस लिहिलं.
पुढच्या रकान्यात पेन टेकवलं, उचललं.
खिडकीबाहेर विद्यापीठाच्या मैदानावर
दोन पोरं दुचाकी ढकलत नेत होती;
एकाचा हात सीटवर, दुसऱ्याचा हँडलवर,
मधे गाडी.
काकांना फोन लावला.
भट्टी चालू असावी,
उचलला नाही.