टाचण्या

आठवड्याला सतरा डॉलर, शनिवारी अर्धा दिवस.
मी टाचण्या लावते.
भिंतीवर शिकागो टांगलंय, माझ्याहून उंच;
उत्तरेकडच्या गल्ल्यांना स्टूल लागतं,
पण तिकडे क्वचितच जावं लागतं.

हाल्वॉर्सनसाहेब बालन्यायालयाची कार्डं वाचतात:
वय बारा, शिशाचे नळ, रिकामं घर.
वय दहा, शाळा बुडवली,
पुन्हा शाळा बुडवली.
मी पत्ता शोधते, टोचते.
कत्तलखान्यामागे आता कागद दिसतच नाही,
नुसती लाल डोकी.

एकदा त्यांनी जुन्या नकाशाचा पातळ कागद
यावर धरला, उजेडासमोर.
तेव्हा इथे जर्मन राहत, मग आयरिश, आता पोलिश.
आडनावं बदलली, भोकं तीच.
"दोष रक्तात नाही, मिस वेल्स, जागेत आहे!"
पोराला भोवरा सापडावा तसे हरखले होते.
मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
मग सहा वाजले
आणि मी त्याच जागेत घरी गेले.

पगारपत्रकावर मी बर्निस वेल्स.
आई मला ब्रोन्या म्हणते.
तिच्या गावी रानात पडलेली काटकी
उचलेल त्याची असे.
इथे वॅगनमधून कोळसा पडतो.
तिने झेनॉनला पोतं दिलं,
पोत्याला बंद मी शिवले.

कोर्टात दुभाष्याने चोर म्हणून जो शब्द काढला
तो आमच्याकडे फक्त घोडे पळवणाऱ्याला लावत.
आईने आधी विचारलं, कुठला घोडा?
गल्लीतल्या पोरांना मात्र शब्द आवडला.
पहिला आठवडा झेनॉन त्यावरून रडला,
मग मारामाऱ्या केल्या,
मग एका संध्याकाळी कुणी तशी हाक मारली
आणि तो वळला,
आपलं नाव ऐकून वळावं तसा.

जूनमध्ये कोपऱ्यावरची बँक बुडाली.
आईचे दोनशे चाळीस डॉलर होते.
मालक सरोवराच्या काठी राहतो म्हणतात;
तिथला कागद अजून कोरा करकरीत.
साहेबांना एकदा विचारायचं होतं,
त्या कामाची कार्डं कुठल्या खोलीत येतात.
विचारलं नाही. सतरा डॉलर.

आज साहेब अडखळले:
"व्हिल... विल...?"
"व्हिल्चेक," मी म्हटलं. "झेनॉन व्हिल्चेक."
"उच्चार छान येतो तुम्हाला."
वय अकरा. कोळसा. तिसरा मजला, मागची बाजू.

स्टूल लागलं नाही.
आमच्या घरावर
आधीचीच दोन भोकं होती, कुणाची कोण जाणे.
टाचणी त्यातल्याच एकात गेली,
जोरसुद्धा लावावा लागला नाही.