कांदे घेणारा माणूस

वारझाझातच्या माळावर रोमन राजवाडे पुठ्ठ्याचे आहेत.
मागून बघितलं तर बांबू, खिळे
आणि सावलीला झोपलेलं एक कुत्रं.
तिथं मी आजवर तीनदा बरा झालोय.
पांढऱ्या झग्यातला कुणीतरी माझ्या कपाळाला हात लावतो,
मी आभाळाकडे बघतो, सांगितलं तेवढा वेळ.
मग कॅमेरा थांबतो,
आणि पुढच्या दृश्यात जे पाय उड्या मारतात
ते हमूच्या पुतण्याचे असतात.

अकरा वेळा भिकारी.
तीन महारोगी, एक चेटक्या,
एक काळ्या मनाचा जकातदार, ज्याची कुबडी
खलनायक येतोय हे आधीच कळवते.
टक् टक् टक्.
युद्धात तर माझा पाय नऊ वेळा उडाला.
रक्त दर वेळी नवं, साखरेच्या पाकाचं,
माश्या मात्र खऱ्या.
संवाद एकूण एक: "पाणी!"
तोही नंतर दुसऱ्याच्या आवाजात भरला.

खरा पाय गेला खाणीत, डंपरखाली.
मागं संगीत नव्हतं.
फोरमन जेवायला गेला होता.

त्याला सत्तावीस वर्षं झाली.
आता मी मोपेडी दुरुस्त करतो,
पाण्याच्या मीटरवरून शेजाऱ्याशी भांडतो,
पत्त्यांत लबाडी करतो, आणि चांगली करतो.
यातलं काही कधी कुणी मागितलं नाही.

मग एकदा परदेशातून एक देखणा नट आला,
दोन्ही पायांचा.
तीन दिवस माझ्या मागं मागं:
कुबडी कशी पेलायची, पायरी कशी उतरायची.
भला माणूस. चहाचे पैसे तोच द्यायचा.
"दुखतं कुठं?" त्यानं विचारलं.
मी खांदा दाखवला.
"तसं नाही. आत."
आत म्हटलं जठर आहे,
त्याला हिरवी मिरची सोसत नाही.
त्यानं वही मिटली.

त्याच्या एका पायात हिरवा मोजा घातला होता.
तो पाय पुढे कॉम्प्युटरनं पुसला.
इतकं स्वच्छ काम
डंपरला जमलं नव्हतं.

दोन वर्षांनी तो सिनेमा टीव्हीवर लागला.
माझी लेक तूदा, तिची मैत्रीण, इट्टो, मी,
सगळे एका सतरंजीवर.
नायक खिडकीशी बसून राहतो.
पाऊणतास बसून राहतो.
त्याला कधी भूक लागत नाही, शिंक येत नाही,
आणि शेवटी एक चिठ्ठी लिहून
बायकोला मोकळी करण्यासाठी
कड्यावरून जातो.
व्हायोलिन.
तूदाची मैत्रीण रडली, मग माझ्याकडे बघून
आणखी थोडी रडली.
"मोकळी झाली म्हणे," इट्टो मसूर निवडत म्हणाली,
"आणि मोपेडी कोण दुरुस्त करणार?"
तूदानं काही न बोलता टीव्ही बंद केला.
नटाला त्या भूमिकेचं बक्षीस मिळालं, असं ऐकलं.
तो मंचावर पायऱ्या चढून गेला असणार.

गेल्या महिन्यात मी कास्टिंगच्या झुहेरला गाठलं.
म्हटलं, बाजाराचा सीन आहे ना, मला घे.
भिकारी नको. नुसता कांदे घेणारा.
कुबडी असेल,
पण तिच्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही.
झुहेर हसला, मग गंभीर झाला.
"काका, लोक विचारतील, याच्या पायाला काय झालं?
शेवटपर्यंत वाट बघत बसतील."
लंगडी सबब म्हणतात ती हीच असावी,
दोन पायांवर धड उभी राहून सांगितलेली.
पाय कसा गेला याचा हिशेब दिल्याशिवाय
पडद्यावर मला एक कांदा घेता येत नाही.

रविवारी मी बाजारात गेलो.
खऱ्या, जिथं भिंती मागूनही भिंतीच असतात.
कुबडी काखेत, पिशवी दातांत,
चार कांदे दाबून बघितले, भाव पाडला,
पुन्हा पाडला.
कांदेवाल्यानं माझ्याकडे वर बघितलंसुद्धा नाही.
दोन किलो मोजले
आणि तळाशी एक सडका सरकवला,
सगळ्यांना सरकवतो तसाच.

मी तो बाहेर काढला
आणि त्याच्या तराजूत परत ठेवला.