भरल्याशिवाय वाचू नये

सेलूच्या जिनिंगवर, काट्याच्या खोलीत,
रात्री साडेअकराला
रिकाम्या काट्यानं पावती छापली:
बारा हजार चारशे साठ किलो.
फाट्यापर्यंत एकही गाडी नव्हती.
सय्यद नवाज म्हणाला,
"मॅडम, भूत तोलायलंय."

मी कोड उघडला. भूत नव्हतं.
जागा मागितली, जागा मिळाली,
आणि कुणी काही ठेवायच्या आधीच
मीच तिच्यात डोकावले होते.
आकडा संध्याकाळच्या, मानवतच्या ट्रकचा.
ट्रक गेला, आकडा तिथंच झोपला.

रिकामं म्हणजे शून्य नव्हे.
हे मला कॉलेजात नाही, घरी कळलं होतं:
रॉकेलचा डबा राखेनं घासला, आठ दिवस उन्हात ठेवला,
तरी त्यातली तूर शिजताना
गल्लीभर वास.

नव्या कंपायलरकडे यासाठी एक शब्द आहे.
तो जागेवर झाकण ठेवतो.
भरलं, असं शपथेवर सांगितल्याशिवाय
उघडू देत नाही.
पण जिंतूरला, बोरीला, घनसावंगीला
यंत्रावर कंपायलर सात वर्षांपूर्वीचा.
नवा शब्द दिसला की उंबऱ्यातच अडतो, ओळखत नाही म्हणतो.
मालक म्हणतात, चाललंय ना,
मग हात कशाला लावता?

म्हणून आधी वय विचारायचं.
नवा असेल तर झाकण.
जुना असेल तर अख्खी जागा
शून्यानं सारवून घ्यायची.
वेळ जातो. जाऊ दे.
तेवढ्यानं कापसाची गाडी वाळत नाही.

आणि दहातले सहा खण भरले
अन् सेन्सरची तार निघाली तर?
आवरताना सहाच आवरायचे.
ज्या घरात कुणी राहायलाच आलं नाही
त्याचं सामान बाहेर काढायला जाऊ नये.
मोजायला एक आकडा शेजारी बसवला.

पहाटे जुन्या यंत्रावर पडदा उजळला: शून्य.
मी खुर्चीला टेकले.
नवाज मात्र बघतच राहिला.
"शून्य म्हंजे तोललं, अन् शून्य भरलं.
इथं तर कुणी तोललंच न्हाई."

खरं होतं.
सारवलेली जमीनही काहीतरी सांगतेच.
मग शून्य काढून तिथं फक्त एक आडवी रेघ ठेवली.

तो काट्यावर जाऊन उभा राहिला,
चपला काढून, उगाच.
पडद्यावर रेघ हलली. साठ.
"बासष्ट हाय मी," तो तिथूनच ओरडला,
"दोन किलो कुठं गेले?"