वाली

सूर गावात, जिथे अजून लाकडी गलबतं बांधतात,
त्या आवाराच्या मागच्या गल्लीत आमचं टायपिंग सेंटर.
दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दम लागलेला एसी
आणि मी, सबनीस, मुक्काम पोस्ट देवरुख,
एका पानाला पाचशे बैसा.

आज सकाळी दिव्याचा अर्ज आला.
गल्लीतला खांब तीन महिने आंधळा.
दाऊद खलफे, दापोलीकडचा सुतार,
परवा रात्री गटाराच्या झाकणाला अडखळला,
अंगठ्याचं नख गेलं.
म्हणाला, लिवा सायबाला.

कुठल्या साहेबाला?
खरा अर्ज इथूनच सुरू होतो.

पौलोस म्हणाला, वालीला लिही, पण इंग्रजीत मेयर म्हण.
मेयर निवडून येतो, मी म्हटलं, वाली नेमतात.
मग गव्हर्नर.
गव्हर्नर वालीच्या वर, त्याची कचेरी वेगळी, त्याचा शिक्का वेगळा.
मग तुमच्याकडचा कलेक्टर म्हण ना!
मी कलेक्टरपासून मामलेदारापर्यंत
एकेक पायरी उतरून पाहिली.
कुठेच पाय टेकेना.

शेवटी ठरलं, वालीला वालीच म्हणायचं.
पण मग त्यात ए किती?
जुन्या फायलीत दोन,
कचेरीच्या पाटीवर एक.
दुकानाचा मालक हमूद चहा ढवळत म्हणाला,
अलिफ एकच आहे, पण लांब आहे,
तुमच्या इंग्रजीत लांबी कशाने मोजतात?
मला आमचा काना आठवला.
एक उभी काडी, की मिटलं भांडण.

आणि डब्ल्यू मोठा की छोटा?
नावाला चिकटून आला तर मोठा,
नुसता हुद्दा असला तर छोटा,
असं पौलोसच्या शाळेतल्या सिस्टरनी शिकवलेलं.
आणि छोटा वाचून वाली रागावले तर?
ते सिस्टरनी शिकवलं नव्हतं.

आमच्या लिपीत मोठं अक्षर नाही.
आम्ही मान देतो तो क्रियापदाच्या शेपटाशी:
तलाठी आला. मामलेदार आले.
इंग्रजीत दोघेही नुसतेच येतात,
म्हणून तर मोठ्याला टोपी घालून यावं लागतं.

खलफे स्टुलावर बसून हे सगळं ऐकत होता,
भुवयांत सागाचा भुसा.
म्हणाला, सबनीस, ह्यो वाली म्हंजे आपला वालीच ना?
कोन वाली नाय म्हनतात, त्यातला?

पौलोसला कळलं नाही. हमूदला निम्मं कळलं.
मी मात्र की-बोर्डवरचे हात उचलले.

हा शब्द मी जन्मभर फक्त नकारात ऐकला होता.
त्या पोराला कुणी वाली नाही.
बंद पडलेल्या नळयोजनेला वाली नाही.
असलेला वाली मी प्रथमच पाहत होतो:
त्याला कचेरी होती, पाटी होती, पाटीवर एक ए होता,
कामाची वेळ साडेसात ते अडीच,
शुक्रवार शनिवार सुट्टी.

मग मोठा डब्ल्यू टाकला. टाकताना हात जरा जपून.

सबनीस हाही कधी हुद्दाच होता,
हजेरीचे कागद म्हणे असायचे कुणा पणज्याच्या हाती.
आता त्याची फक्त स्पेलिंगं उरलीत,
पासपोर्टात एका आयचं, बँकेत दोन ईंचं,
आणि दोन्हीकडे मी हजर.

खाली सहीची जागा. खलफेने कागद पुढे केले.
पासपोर्टवर त्याला एफ, लेबर कार्डावर पीएच,
दवाखान्याच्या चिठ्ठीवर तर शेवटचा ईच गळालेला.
त्याच्या नावासाठी कुणी
अर्धा तास वाद घातलेला दिसत नव्हता.

यातलं कुठलं घालू? मी विचारलं.

कुठला पन घाला, तो म्हणाला,
खांबाचा नंबर तेवढा बरोबर लिवा.